गोऱ्या जावयाचं देवक

गेल्या दिवाळीनंतर आमच्या नांदेडच्या फ्लॅटमध्ये शे-दोनशे इंग्रज राहायला आले होते. सगळे मेलेले. कुणी पाळण्यात मेलेला, कुणी नव्वदी गाठून मेलेला. हॉलमध्ये, स्वयंपाकघरात, गॅलरीत, जिकडं बघावं तिकडं इंग्रज. बायको पोळ्या लाटायला आली की म्हणायची, "अहो, तुमच्या त्या पाचव्याला जरा तिकडं सरकवा, मला पोळपाट ठेवायचाय." की मी लॅपटॉप उचलून पाचव्यासकट दिवाणावर जायचो.

हे कसं झालं ते सांगतो. मी सांगतो त्यातलं निम्मंच खरं असतं असं आमच्या गल्लीत म्हणतात. हा माझा अपमान आहे. पाऊण तरी खरं असतं.

आमची लेक इंग्लंडात नोकरी करते. एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला तर शेजारी एक पोरगा बसलेला. इतका गोरा, की मला वाटलं मोबाइलचा उजेडच वाढलाय. मी उजेड कमी केला. लेक अंधारात गेली, तो होता तसाच राहिला.

"पप्पा, आम्ही लग्न करायचं म्हणतोय."

मी बायकोकडं बघितलं. बायकोनं पोराकडं बघितलं आणि विचारलं, "जेवतो काय?"

"सगळं जेवतो. तिखटसुद्धा."

"मग काय हरकत आहे?" बायको म्हणाली. आम्ही दोघंही मास्तरकीतून रिटायर झालेली माणसं. जन्मभर वर्गात विश्वबंधुत्वावर निबंध लिहून घेतलेले. आता ते बंधुत्व दारात येऊन उभं राहिल्यावर दार लावायचं कसं? आमची काही अडचण नव्हती. अडचण होती ती दादाची.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लातूरच्या अलीकडं गाव आहे आमचं, तिथली शेती तो करतो. लेकीची अकरावी-बारावी लातूरला झाली ती त्याच्या घरी राहून. क्लासला सोडायला दादा, आणायला दादा, डबा वहिनीचा. त्यांना स्वतःला मुलगी नाही. लेकीला जन्म आम्ही दिला एवढंच, वाढवल्याचं श्रेय दादा घेतो, आणि लेकही ते त्याला खुशाल घेऊ देते. आमच्या घरातल्या कुठल्याही लग्नात देवक बसवायला दादा-वहिनीच बसणार, हे तर ठरलेलंच.

लेकीनं त्याच कॉलवर सांगून टाकलं, "मोठे बाबा देवकाला बसले तर लग्न नांदेडला. नाही बसले तर मी इकडंच सह्या करून मोकळी होते. मग तुम्ही कुणीच यायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही, पप्पा."

हट्ट तिनं दादाकडूनच घेतलाय. डब्याबरोबर आला असणार.

मी छाती करून दादाला फोन लावला.

"गोरा हाय?" दादानं विचारलं.

"हो."

"असू दे. दारू पितो?"

"थोडी घेतो म्हणे."

"असू दे. आपला धाकटा मामा लई घेतो, त्याला आपण टाकून दिलंय का? कूळ कोणतं?"

"ते विचारायचं राहिलं."

"मास्तर, सोयरीक म्हंजे बैल न्हाई, दात बघितले अन् दावणीला बांधला. पोराच्या सात पिढ्या सांग. खरी माणसं हायेत का हवेतून आलीत ते कळू दे. मग मी अन् तुझी वहिनी देवकाला बसतो. न्हाईतर तुम्ही शहरातले लोक, करा कोर्टात सह्या अन् वाटा पेढे."

मी पोराला विचारलं, बाबा रे, तुझ्या आजोबांचे वडील कोण? पोरगा भला. त्यानं मनापासून विचार केला, कपाळाला आठ्या पाडल्या, आणि म्हणाला, "त्यांच्याकडं सायकल होती असं ऐकलंय."

दादाला हे सांगितलं तर तो फोनवर इतका वेळ हसला की माझा बॅलन्स संपेल असं वाटलं. "सायकल! हे काय कूळ झालं काय रं?"

वाचवलं ते विहीणबाईंनी. पोराची आई, वयानं आमच्याच बरोबरीची. त्यांनी सांगितलं, आमच्याकडं प्रत्येक गावच्या चर्चमध्ये एक वही असायची. मूल झालं की त्याचं नाव, आईबापांची नावं. लग्न लागलं की तेही, माणूस गेलं की तेही. गावच्या मालकापासून दारोदार फिरणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नोंद, शेकडो वर्षांपासूनची. आता त्या वह्यांच्या पानापानाचे फोटो काढून कॉम्प्युटरवर ठेवलेत. "मला फार दिवसांपासून शोधायचं होतं," त्या म्हणाल्या, "पण ते अक्षर मला लागत नाही." आणि त्यांनी स्वतःचा पासवर्ड आम्हाला देऊन टाकला. पासवर्ड देणारी विहीण मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितली. आमच्याकडं विहिणी पातेल्याचं झाकणसुद्धा देत नाहीत.

पहिलं पान उघडलं आणि मी खुर्चीतच मागं झुकलो. अक्षर कसलं, वाळवीची वारुळंच. पाद्रीबुवांनी थंडीत थरथरत, मेणबत्तीच्या उजेडात, बदकाच्या पिसानं लिहिलेलं. शाई कुठं पसरलेली, कुठं विटलेली. मधूनच एखाद्या पानावर कपाचा गोल डाग. नावं अर्धी लिहून वर एक टिंब, की उरलेलं तुम्ही समजून घ्या.

मी म्हटलं, हे काही आपल्याला जमायचं नाही. बायकोनं चष्मा पुसला, पानाकडं बघितलं आणि म्हणाली, "ह्यापेक्षा आपल्या दहावी ब चं अक्षर वाईट होतं." आणि घडाघडा वाचायला लागली! जन्मभर बोर्डाचे पेपर तपासलेली बाई. मुलानं काय लिहिलंय हे त्या मुलाला कळत नसलं तरी हिला कळायचं. तीनशे वर्षांपूर्वीचा पाद्री हिच्यापुढं काय टिकणार?

मग आम्हाला युक्ती कळली. पाळणा, मांडव, परत मागचा पाळणा. म्हणजे पोराच्या नामकरणाच्या नोंदीत बापाचं नाव मिळतं. त्या बापाचं लग्न शोधायचं. लग्न सापडलं की त्या बापाचं नामकरण शोधायचं, तिथं त्याचा बाप मिळतो. असं एकेक पायरी खाली उतरायचं. काय सांगू महाराज, आयुष्यात मी क्रिकेट बघितलं, निवडणुकांचे निकाल ऐकले, एकदा तर गोदावरीचा पूर पार घाटाच्या पायऱ्या गिळताना बघितला, पण ही मजा कशातच नव्हती! पान उलटायचं, बोट ओळीवरून फिरवायचं, आणि एकदम ते आडनाव समोर! मी ताट घेऊन गॅलरीत जायचो आणि चमच्यानं बडवायचो.

"सापडला! तिसरा सापडला!"

पहिल्यांदा खालच्या मजल्यावरचे रेल्वे ऑफिसातले शेजारी काठी घेऊन वर आले. त्यांना वाटलं चोर सापडला. मग त्यांनाही नाद लागला. संध्याकाळी ऑफिसातून आले की बूट न काढता विचारायचे, "काय मास्तर, कितवा?" भाजीवाली विचारायची. रिक्षावाले विचारायचे. चवथा सापडला तेव्हा तर गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर वाहतूक थांबली होती. थांबली होती ती दुसऱ्या कारणानं, पण थांबली होती.

चवथ्यानं मात्र घाम फोडला. एकाच गावात, एकाच सालात, एकाच नावाची दोन पोरं. चुलत भाऊ असणार. आपला कोणता? दोन दिवस आम्ही भांडलो. मी म्हणायचो पहिला, बायको म्हणायची दुसरा. मग तिनं मर्तिकाच्या नोंदी काढल्या आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबली. त्या दोघांतला पहिला काही महिन्यांचा होऊनच गेला होता. पाद्रीबुवांनी नाव लिहिलं होतं, पुढं फक्त एक शब्द, तान्हा.

म्हणजे बायको जिंकली होती. पण तिनं चष्मा काढून ठेवला. म्हणाली, "एवढंसं होतं हो." त्या दिवशी मी ताट वाजवलं नाही.

रोज संध्याकाळी दादाला बातमी द्यायचो. तो आधी "हं, हं" करायचा. पाचव्यापर्यंत आला तेव्हा तोही रंगला. एका गोष्टीनं तर फारच खूश झाला. मी सांगितलं की त्या लोकांत लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये सगळ्या गावापुढं नावं पुकारायचे, की अमक्याचं लग्न तमकीशी होतंय, कुणाला काही हरकत असेल तर आत्ताच बोला. आणि ते पुकारल्याचंही लिहून ठेवायचे.

"तीन येळा?" दादा म्हणाला. "लई शिस्तीची माणसं हायेत की! आपल्याकडं पत्रिका छापून मोकळे व्हतात, अन् हरकतीवाले जेवून जातात."

मग त्यानं तो प्रश्न विचारला. मला भीती होती तोच.

"करत काय व्हते म्हणे?"

त्या वह्यांत एक रकाना असतो, बापाचा धंदा काय. तिसऱ्यापुढं लिहिलं होतं, मजूर. चवथ्यापुढं, मजूर. पाचव्यापुढंही तेच. दुसऱ्यांच्या शेतावर राबणारी माणसं. रकाना एक, शब्द एक, पिढ्या बदलताहेत. आणि लग्नाच्या नोंदीत सहीच्या जागी एक फुली. लिहिता येत नव्हतं बिचाऱ्यांना.

आता आमचं घराणं ऐका. आमचं देवक तलवारीची धार. कुणाचं देवक कळंब असतं, कुणाचं मोराचं पीस, आमची तलवार. घरात एक तलवार आहे, लग्नात मांडवात ठेवतात, एरवी माळवदाखाली गुंडाळलेली असते. आमच्या आजोबांनी ह्या तलवारीनं काय काय केलं ते मी गल्लीत वेळोवेळी सांगितलेलं आहे. अशा घरातल्या दादाला मी सांगू, की तुझी लेक मजुरांच्या घरात चाललीय? मी तिसऱ्याच्या वेळी म्हटलं, "शेती करायचे." चवथ्याच्या वेळी म्हटलं, "मोठी शेती करायचे." पाचव्याला मी गावची पाटीलकी दिली. दादा प्रत्येक वेळी "हं" म्हणायचा, आणि माझा हुरूप वाढायचा.

सातवा सापडला तो दिवस मी विसरणार नाही. पान अर्धं कुजलेलं, कडेला उंदरानं खाल्लेलं, आणि मधोमध तो! बायकोनं मला मिठी मारली. लग्नात मारली नव्हती. शेजारी पेढे घेऊन आले. त्या आनंदाच्या भरात मी फोन उचलला.

"दादा, सातवा! पुऱ्या सात!"

"शाबास मास्तर! हा काय करत व्हता?"

आणि माझी जीभ सुटली. "हा? हा तर सैन्यात! नुसता शिपाई नाही, सरदार! खानदानी माणसं रे दादा. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तलवारीची पूजा होते!"

पलीकडं दादा खाकरला. मला वाटलं दादाचा ऊर भरून आला.

"मास्तर," दादा हळूच म्हणाला, "आपलं देवक काय हाय?"

"तलवारीची..." म्हणालो, आणि जीभ चावली.

"मंग? त्यांचं तलवार, आपलं तलवार. एक देवक म्हंजे एक रगत. भाऊ-बहीण झाले की दोघं! अन् भावा-बहिणीच्या लग्नात मी देवक बसवू?"

"दादा, ते तसं नाही, मी आपलं..."

"ठेव फोन."

असा मी माझ्या हातानं, माझ्या तोंडानं, सात समुद्रांपलीकडच्या पोराला माझ्या लेकीचा भाऊ करून ठेवला. नांदेड-लातूरमध्ये थापा मारणारे पुष्कळ आहेत. एका थापेत लग्न मोडणारा मी एकटाच.

लेकीला कळलं तेव्हा ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "पप्पा, हे तुम्ही घातलंय, तुम्हीच निस्तरायचं." आणि पंधरवडाभर माझ्याशी बोलली नाही. आईशी बोलायची, मी समोर आलो की कॅमेरा बंद. बायको तर थेट म्हणाली, "सात पिढ्यांची माणसं गप मजुरी करत होती. तुम्हाला सरदारकी वाटायला कुणी बोलावलं होतं?"

मी दादाला रोज फोन करायचो. "दादा, ती थाप होती. मजूर होते रे सगळे."

"आता पोरीचं लगीन मोडायलंय म्हणून मजूर म्हणायलास. उद्या त्यांना राजे म्हणशील. तुझ्यावर कसा इस्वास ठेवू, सांग. कागद घिऊन ये. मी बघतो."

"तुला इंग्रजी कुठं येतं?"

"बैलाला बी मराठी येत न्हाई. तरी मी वळखतो त्याला."

झेरॉक्सच्या दुकानात जाऊन सातही पिढ्यांची पानं छापून घेतली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि निघालो. दिवस निवडला येळवसेचा. वेळा अमावस्येला दादा शेतातच असतो, आणि त्या दिवशी आमच्या भागात कुणी कुणाला उपाशी किंवा रागावून परत पाठवत नाही. बायको बरोबर होती. थाप मारायला लागलो की चिमटा काढायला.

लोह्यापासून अहमदपूरपर्यंत एसटीत उभं राहायलासुद्धा जागा नव्हती, सगळा मराठवाडा शेताला निघालेला. आम्ही शेतात पोचलो तेव्हा कडब्याची खोप उभी होती, आत पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड, हिरवी साडी नेसवलेली लक्ष्मी. वहिनी भज्जीचं, म्हणजे पालेभाज्या-शेंगांच्या कालवणाचं, पातेलं उतरवत होत्या.

"या भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "सरदारांना आणलंय का सोबत?"

दादानं आंबिलाचा तांब्या माझ्यापुढं ठेवला, मी प्यालो, मग त्यानं हात पुढं केला. "काढ कागद."

सात पानं ज्वारीच्या धाटांवर ओळीनं मांडली. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वहिनींनी प्रत्येकावर एकेक कांदा ठेवला. दादानं विचारलं, "मजूर कुठं लिवलंय?" मी एका पानावर दाखवलं. त्यानं तो शब्द नीट बघून घेतला, जसा अनोळखी जनावराचा डाग बघतात, आणि मला म्हणाला, "तू आता तिकडं तोंड कर." मी तोंड फिरवलं. हा आपला एकेक कांदा उचलून पानं बघतोय. "हे इथं हाय. इथं बी हाय. ह्याचं शेपूट जरा लांब हाय, पण त्येच. इथं बी." बायकोला विचारायचा, "खरं ना गं?" ती म्हणायची, "खरं." माझ्यापेक्षा तिच्यावर भरवसा! सख्खा भाऊ मी.

"अन् ही फुली?"

"सही," बायको म्हणाली. "लिहिता येत नव्हतं, म्हणून."

दादा त्या फुलीकडं बघत बसला. मग म्हणाला, "मास्तर, फीर इकडं. मजूर हायेत म्हणून लपवलंस?"

"तुला चालणार नाही वाटलं."

"आपला आज्जा काय करत व्हता, ठाव हाय का?"

मी तलवारीकडं वळणार तेवढ्यात बायकोनं चिमटा काढला.

"निजामाच्या वक्ताला दुसऱ्याच्या घरी सालगडी व्हता. तलवार भिंतीला अन् आज्जा दुसऱ्याच्या औताला. तू शाळेत गेलास, तुला कुणी सांगितलंच न्हाई." दादानं सातवं पान उचललं, उंदरानं खाल्लेलं. "सात पिढ्या एका गावात राबून राह्यले. चोरीमारी केली असती तर त्या बामनानं लिवलं नसतं काय? समदं तर लिवतोय. तान्हं गेलेलं बी लिवलंय. माणसं खरी हायेत."

"मग दादा, देवकाला बसशील?"

"तलवार गेली, बरं झालं. भाऊ-बहीण ऱ्हायले न्हाईत. पर मंग त्यांचं देवक काय? मांडवात पोराच्या बाजूनं काय ठिवायचं, तुझा लॅपटॉप?"

मी तोंड उघडलं. बायकोनं बघितलं. मी मिटलं.

"तू बोलूच नगंस," दादा म्हणाला. "तिला लाव फोन. मी इचारतो."

नाताळच्या सुट्टीत लेक विहीणबाईंकडंच होती. तिकडं नुकतं उजाडत होतं, विहीणबाई चहाचा मग घेऊन समोर आल्या. लेक माझ्याशी बोलत नव्हती, पण दादा दिसला तशी ओरडलीच, "मोठे बाबा! येळवस?" आणि तिचे डोळे भरून आले. दोन वर्षं झाली होती तिला ही खोप बघून.

चर शिंपायची वेळ झालीच होती. दादानं फोन वहिनींच्या हातात दिला, आंबिलाचा गडू घेतला आणि कडुलिंबाच्या डहाळीनं उभ्या ज्वारीवर आंबील शिंपडत निघाला. पुढं तो, मागं आरोळ्या ठोकत आम्ही सगळे. वहिनी फोन उंच धरून पळताहेत. माझा आवाज तर असा लागला होता की तिकडं देगलूरला ऐकू गेला असेल.

फेरी मारून आलो तर फोनमध्ये विहीणबाई उभ्याच राहिलेल्या, चहाचा मग कलंडलेला, आणि लेकीला हलवून हलवून काहीतरी सांगताहेत.

"काय म्हणायलीय ती?" दादानं विचारलं.

"मोठे बाबा, त्या म्हणताहेत, आम्हीपण हेच करतो!" लेक धापा टाकत सांगायला लागली. "ह्याच्या पणजोबांच्या गावात. ज्या गावाच्या वह्या पप्पा वाचतात ना, तिथंच. थंडीत एका रात्री सगळं गाव सफरचंदाच्या बागेत जातं. सगळ्यात जुन्या झाडाच्या मुळाशी सफरचंदाची आंबवलेली दारू ओततात, फांद्यांवर पाव बांधतात, डबे बडवतात, ओरडतात, झाडाला गाणं म्हणतात. म्हणजे पुढल्या साली झाड भरपूर लागावं म्हणून. हे लोक अजून जातात. हासुद्धा लहानपणापासून जातो."

पोरगा मागून मान हलवत होता. सायकलवाला पणजोबा माहीत नव्हता त्याला, पण ते झाड माहीत होतं.

दादा गडू हातात धरून उभा. "झाडाला निवद दावतात?"

"हो."

"अन् आंबील घालतात?"

"हो, मोठे बाबा. तशीच आंबट असते."

दादानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत असं होतं, की गाढवा, हे विचारायचं सोडून तू सरदार शोधत होतास. मग तो फोनकडं वळला आणि अगदी मोठ्या आवाजात, म्हणजे मराठी जोरात बोललं की इंग्रजांना कळतं अशा आवाजात, विहीणबाईंना म्हणाला, "सफरचंदाचा ढाळा! देवक हाय तुमचं! लिवून ठिवा वहीत!"

लेकीनं ते सांगितल्यावर विहीणबाई रडायला लागल्या. वहिनीही रडायला लागल्या. माझी बायको रडत होतीच. लेक फोनमधून म्हणाली, "पप्पा, तुमच्याशी बोलले बरं का मी," आणि मग मलाही डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं झालं, कडब्याचं कुसळ असेल.

लग्न उन्हाळ्यात धरलं, नांदेडला. पण मराठवाड्यात सफरचंदाचा ढाळा, म्हणजे पाल्याची फांदी, आणायचा कुठून? इथं सफरचंद येतं ते पेटीत, गवतात गुंडाळून, दवाखान्यात न्यायला. मी म्हटलं, "दादा, फळ ठेवू मांडवात, चालेल." तर माझ्यावरच उखडला. "फळ म्हंजे देवक व्हय? पानं पायजेत. ताजा ढाळा पायजे." देगलूरच्या बाजूला कुणा शेतकऱ्यानं हौसेनं सफरचंदाची झाडं लावलीत आणि सगळा शिवार त्याला हसतो, असं त्याच्या कानावर आलं. लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे, कुणाला न सांगता, फेटा बांधून हा बाबा गावाहूनच उदगीरमार्गे देगलूरला गेला.

इकडं मांडवात देवकाची वेळ टळत चाललेली. विहीणबाई नऊवारी नेसून एका जागी पुतळ्यासारख्या बसलेल्या, हललं की सुटेल म्हणून. लेक हळद लावून दारात उभी, रस्त्याकडं बघत. फोन लागेना. वहिनी म्हणाल्या, "येतील. शब्द दिलाय." पण त्यांचाही आवाज खाली गेला होता. मी कुणाशी काही बोललो नाही. मी गप्प बसलोय म्हणजे परिस्थिती किती वाईट असेल बघा.

आणि दादा रिक्षातून उतरला! धोतर धुळीनं लाल, फेटा सुटलेला, आणि छातीशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेला ढाळा, तान्ह्या पोरासारखा. पानं टवटवीत. मधे बोराएवढी दोन हिरवी सफरचंदं. लेक धावली आणि हळदीच्या हातांनी त्याच्या गळ्यात पडली. फेटा पिवळा झाला.

"अगं सोड, ढाळा मोडंल," दादा म्हणाला, पण त्यानंही सोडलं नाही.

दादा-वहिनी देवकाला बसले. एका बाजूला आमची गंजकी तलवार, दुसऱ्या बाजूला सफरचंदाचा ढाळा. नांदेडचे गुरुजी चष्म्यावरून त्या ढाळ्याकडं बघत राहिले. "हे कसलं देवक म्हणायचं?"

मी खाकरलो. दादानं हात वर केला. मी थांबलो.

"गुरुजी," दादा म्हणाला, छाती काढून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, "ह्या पोराच्या घरात सत्तर पिढ्यांपासून हे झाड पूजतात. सात समुद्रापल्याडनं आणलंय. इमानानं! पोराच्या आज्जीनं सोत्ता लावलेल्या झाडाचा ढाळा हाय ह्यो!"

गुरुजींनी हात जोडले. रेल्वे ऑफिसातले शेजारी माझ्याकडं बघायला लागले. मी मांडवाच्या छताकडं बघत उभा राहिलो, आणि बायकोनं सवयीनं चिमटा काढला तो मलाच.